आठव्या कप्प्यातलं कार्ड

गॅलरीतल्या दोरीवरचा चिमटा तुटला आणि खाली पालथ्या घातलेल्या कळशीवर टण्णकन आपटला. तासाभरात घरात झालेला तो पहिलाच आवाज. जमिनीवर बसून शुद्धलेखन काढणाऱ्या संयूनं मान वर केली, आईकडं बघितलं आणि परत वहीत घातली. स्वप्नाली उठली. एकाच चिमट्याला लोंबकळणारी निळी जर्सी तिनं काढून घेतली, काखेतल्या शिवणीला हात लावून बघितला. अजून दमट होती. पाठीवर पांढरा आठ.

अठरा जर्स्या, अठरा चड्ड्या, छत्तीस मोजे. मॅचच्या आदल्या दिवशी शिवाजी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत चालायला वाट उरत नसे. कॉलेजनं लाँड्री लावून दिली होती. पण लाँड्रीवाला कढत पाण्यात घालून नंबर उकलून आणतो, म्हणून तिचा नवरा विश्वजित सगळे कपडे घरीच धुवायचा. तो जिमखान्याचा शिपाई. दोन वर्षांपूर्वी कागलजवळ हायवेवर तो गेला आणि अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी बायको लागली. तिनं त्याच्या कामातलं काहीच बदललं नाही. तोच साबण, तीच दोरी, तीच निळ्या कव्हरची फाईल. पोरंही पूर्वी घरी आल्यावर मारायची तशीच हाक मारायची, वैनी.

उद्या सकाळी सहाला बस निघणार होती. साताऱ्याला विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेची फायनल. नऊ वर्षांनी कॉलेज फायनलला आलं होतं.

स्वप्नालीनं आठ नंबर पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरला आणि त्याच्यासमोर बसून राहिली.

सोमवारी दुपारी यशराज किट रूममध्ये आला होता. कॅप्टन. बी. ए.चं शेवटचं वर्ष, पेठेच्या संघातही पहिल्या अकरात. म्हणाला, "वैनी, मोजे द्या की." तिनं दिले. दारापर्यंत गेला, परत वळला. "वैनी, मोजे द्या की." हातात मोजे तसेच. तिला वाटलं चेष्टा करतोय. मग तो बाकावर बसला, डोळ्यांवर पंजा धरला आणि म्हणाला, "ती ट्यूब बंद करा की जरा. डोळ्यात घुसालीय."

तेव्हा तिनं नीट बघितलं. उजव्या कानशिलावर, केसांच्या आत, सुजून आलेलं.

"काय झालं रे?"

"काय न्हाय. काल गडहिंग्लजला सेव्हन-ए-साइड खेळायला गेलतो. त्यांच्या गोलकीपरचा गुडघा बसला."

"पडलास?"

"पोरं म्हणत्यात पडलो. मला काय आठवत न्हाय." मग एकदम हात धरल्यासारखा स्वर. "सरांना सांगू नका वैनी. फायनलच्या आठवड्यात बाहेर खेळाय गेलतो म्हणून सोलून काढतील."

मंगळवारी सरावात त्यानं तीन कॉर्नर डोक्यानं घेतले आणि किट रूमच्या मागं जाऊन ओकला. तोंड धुऊन आला तेव्हा हसत होता. वडापावच्या तेलावर ढकललं त्यानं.

स्वप्नाली काही डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. बारावीनंतर लग्न झालेलं. पण गेल्या जुलैत खेळातल्या दुखापतींवर दोन दिवसांचं शिबिर होतं, प्रत्येक कॉलेजातून एक क्रीडाशिक्षक. हंबीरराव सरांनी आपल्याऐवजी तिला पाठवलं होतं. "तू जा गं. सही माझ्या नावावर मार. जेवण झकास असतंय." हॉलमध्ये मागच्या ओळीत बसून तिनं संयूच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर सगळं उतरून घेतलं होतं. तिथला डॉक्टर बोलायला साधा होता. म्हणाला, डोक्याला मार बसलेला खेळाडू तुम्हाला कधीच खरं सांगणार नाही. त्याला विचारू नका, त्याच्याकडं बघत राहा. आणि म्हणाला, पहिला मार बहुतेक वेळा भरून येतो. तो भरून यायच्या आत दुसरा बसला, तर... आणि त्यानं पुढची स्लाइड लावली होती. एका पोराचा हार घातलेला फोटो. एकोणीस वर्षांचा. डॉक्टर पाणी प्यायला.

प्रमाणपत्र महिन्याभरानं आलं. श्री. हंबीरराव यांनी शिबिर यशस्वीरीत्या पूर्ण केले. जिमखान्यात सरांच्या खुर्चीमागं ते फ्रेम करून लावलेलं होतं.

त्याच फ्रेमखाली, मंगळवारी संध्याकाळी, तिनं सरांना सगळं सांगितलं. मोजे, ट्यूब, ओकणं. सरांनी ऐकून घेतलं, मग खिडकीतून ओरडले, "ए यश्या! इकडं ये."

यशराज आला. दाराच्या चौकटीत उभा.

"डोकं दुखतंय काय रे?"

"न्हाय सर."

"उलटी?"

"वडापाव खाल्लता सर. सम्राटला पण मळमळालंय."

"जा." सर तिच्याकडं वळले. आवाज चढवला नाही. तो माणूस मुळात वाईट नव्हता. "बघितलंस? अगं, उद्यापरवा निवड समितीची माणसं बसणार हाईत तिथं. विद्यापीठाच्या संघात नाव आलं, की सरकारी भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेतनं हे पोरगं आत. हे शेवटचं वर्ष हाय त्याचं. आणि मी त्याला कशावरनं बसवू? मोजे दोनदा मागितले म्हणून?"

"सर, एकदा डॉक्टरला तरी..."

"डॉक्टर म्हणणार, आठ दिवस आराम. डॉक्टरचं काय जातंय?" मग जरा हसून, "तू किट बघ आणि फाईल बघ. बाकीचं माझ्यावर सोड."

आणि जाताना बाहेर, सायकल स्टँडजवळ, यशराज तिच्या शेजारून गेला. थांबला नाही. एवढंच म्हणाला, "सांगू नका म्हणलंतं मी."

किट आणि फाईल.

स्वप्नालीनं कपाटावरून निळी फाईल काढली. पात्रता अर्ज एका बाजूला, दुसऱ्या बाजूला जाड प्लॅस्टिकचे अठरा कप्पे, एकेका कप्प्यात एकेका पोराचं ओळखपत्र. पोरं कार्डं हरवतात, धुण्यात घालतात, गाडीच्या डिकीत विसरतात, म्हणून स्पर्धेआधी आठ दिवस विश्वजित सगळ्यांची कार्डं गोळा करून जर्सीच्या नंबरानं लावून ठेवायचा. कप्पे त्यानं चपलांच्या कारागिराकडून शिवून घेतले होते. मूळ कार्ड टेबलावर दाखवल्याशिवाय स्पर्धेत कुणालाही मैदानात सोडत नाहीत, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत.

तिनं पहिल्यापासून बोट फिरवत आणलं. सातवर थांबली. मग नखानं कडा उचकटून आठव्या कप्प्यातलं कार्ड बाहेर ओढलं. कप्पा गच्च होता, सहज निघालं नाही. फोटोतला यशराज दोन वर्षांनी लहान होता. मिशी नुकती फुटलेली.

संयू पेन्सिल तोंडात धरून बघत होती.

स्वप्नालीनं फळीवरचे चहा-साखरेचे डबे बाजूला केले, खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद उचलला, कार्ड त्याखाली सरकवलं आणि डबे होते तसे मांडले. मग हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं तरी धुतले.

संयूला नेण्यावाचून इलाज नव्हता. शेजारच्या धोंडुबाई, ज्यांच्या जिवावर तिची नोकरी चालली होती, लेकीकडं गारगोटीला गेल्या होत्या. बसमध्ये पोरगी खिडकीशी बसली, स्वप्नाली तिच्याशेजारी, मांडीवर फाईल. मागं पोरांचा दंगा. यशराज सगळ्यांत पुढं होता. ड्रायव्हरच्या सीटवर थाप मारत गाणी म्हणत होता, सम्राटच्या केसांवरून त्याला पिडत होता. किणीच्या टोलनाक्यावर उतरून त्यानं सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि पहिला कप तिला आणून दिला.

"वैनी, राग गेला का?"

"माझा कसला राग."

"मग हसा की. फायनल हाय!"

ऊन त्याच्या तोंडावर होतं आणि तो डोळेही मिचकावत नव्हता. काहीच झालेलं नसेल तर? खरंच वडापाव असेल तर? बस मागं वळत नव्हती. फळीवरचा कागद, त्यावरचे डबे, दाराला कुलूप, कुलपाची किल्ली तिच्या पर्समध्ये. चहा तिनं तसाच धरून ठेवला, साय धरेपर्यंत.

साताऱ्याच्या मैदानावर ड्रेसिंग रूम म्हणजे एक वर्ग होता. बाकं भिंतीला लावलेली. तिनं जर्स्या मांडल्या. शिवाजी पेठेतल्या पोराशेजारी मंगळवार पेठेतला, त्याशेजारी परत शिवाजी पेठेतला. ही विश्वजितची रीत. पेठेच्या मॅचमध्ये ही पोरं एकमेकांच्या नडग्या फोडतात. कॉलेजला एकत्र आली, की आपापल्या पेठेचा घोळका करून बसतात, आणि जो घोळका वर्गात बसतो तोच मैदानात एकमेकांना पास देतो, असं तो म्हणायचा. त्यांना मिसळायचं काम कोचचं नाही, किटवाल्याचं. आठ नंबर तिनं सम्राटच्या दहा नंबरशेजारी ठेवला. इस्त्री केलेला. घडी मोडू नये म्हणून दोन्ही हातांनी.

बाहेर मांडवात टेबल. जाड चष्म्याचा एक कारकून एकेक नाव वाचायचा, अर्ज बघायचा, कार्ड बघायचा, पोराच्या तोंडाकडं बघायचा आणि खूण करायचा.

"सात."

तिनं पान पुढं केलं.

"आठ."

तिनं पान उलटलं. परत मागं आणलं. आपल्याला नाटक जमत नाही हे तिला तेव्हा कळलं. पण कारकून फाईलकडंच बघत होता, त्यामुळं निभावलं.

"आठ नंबरचं कार्ड कुठाय बाई?"

"हितंच... हितंच होतं."

मागं उभे असलेले हंबीरराव सर पुढं झाले. फाईल हिसकावून घेतली, झटकली, सगळे अर्ज टेबलावर ओतले. पोरं गोळा झाली. कुणीतरी तिची पर्स मागितली, तिनं दिली. कुणीतरी बसकडं पळालं, सीटखाली बघून आलं.

"फोटो हाय माझ्या मोबाईलमधी," यशराज म्हणाला. "कार्डाचा. दोन्ही बाजू."

"मूळ लागतं," कारकून म्हणाला. "गेल्या साली एकानं भलताच पोरगा खेळवला. निस्तरायला आम्हाला लागलं. नियम म्हणजे नियम."

"कुठं राहिलं?" सरांचा आवाज मांडवाबाहेर गेला. "अगं, बोल की! घरात राहिलं?"

"घरातच असंल सर."

"घरात कोण हाय?"

"कोण न्हाय. कुलूप हाय."

"माझा भाऊ हाय की पेठेत," सम्राट पुढं आला. "कुलूप फोडंल आणि कार्ड घेऊन बुलेटवर सुटंल. कुठं ठेवलंय तेवढं सांगा वैनी."

सगळे तिच्याकडं बघू लागले. यशराजही. कुठं ठेवलंय ते तिला माहीत होतं, इंचभर इकडंतिकडं नाही.

"ध्यानात न्हाय," ती म्हणाली.

सरांनी घड्याळ बघितलं. "बुलेटला पण दोन तास लागत्यात. आणि पाऊण तासात शिट्टी हाय." ते मटकन खुर्चीत बसले.

मग सम्राटच, हळू, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "विश्वजितदादा अकरा वर्षं होता. एक कागद इकडचा तिकडं झाला नव्हता."

यशराजनं अंगातली जर्सी काढली. फेकली नाही, शिवी दिली नाही. तिच्या हातात दिली. तेवढ्या वेळात ती चुरगळली होती.

बेंचवर फक्त यादीतले बसू शकतात, म्हणून तो समोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. संयूला तिथंच बसवलेलं होतं. पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याशेजारी उभी राहून स्वप्नाली मॅचकडं बघत होती, अर्धं लक्ष पायऱ्यांवर. यशराज गुडघ्यावर कोपर टेकून, कपाळावर हाताची सावली धरून बसला होता. त्याच्या शेजारी संयूची बडबड चालू होती. हातवारे दिसत होते, शब्द पोचत नव्हते.

सत्तराव्या मिनिटाच्या आसपास मधल्या मोकळ्या जागेतून, जिथं आठ नंबर असायचा तिथून, समोरच्या पोरानं सरळ चेंडू काढला आणि गोल झाला. एक-शून्य. शिट्टी वाजली तेव्हा सम्राट मैदानात पालथा पडून रडत होता. ती पाणी घेऊन गेली. त्यानं बाटली घेतली, तिच्याकडं बघितलं नाही. निवड समितीची तीन माणसं कागद आवरून गाडीत बसली. त्यांच्या कागदावर कुणाकुणाची नावं होती कुणास ठाऊक. आठ नंबरचं असणं शक्य नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तिच्या बाजूच्या, वाटेपलीकडच्या सीटवर कुणीतरी किटची बॅग आणून टाकली. कराडजवळ बस थांबली, सगळे उतरले. तिला कुणी हाक मारली नाही. थोड्या वेळानं सम्राट चढला, संयूच्या हातात दुधाचा ग्लास दिला, "सांडू नको," म्हणाला आणि उतरून गेला. स्वप्नाली काचेतून बघत राहिली. टपरीपुढं पोरं गोल करून उभी होती. पहिल्यांदाच शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ कोणी न मांडता मिसळून उभी होती. यशराजच्या खांद्यावर दोन्हीकडचे हात होते.

शनिवारी सकाळी तो कार्ड न्यायला किट रूमवर आला. तिनं ते ड्रॉवरमधून काढून दिलं.

"सापडलं म्हणायचं."

"व्हय."

"कुठं होतं?"

"फळीवर."

त्यानं कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. कानशिलावरची सूज उतरली होती, तिथं आता पिवळट डाग होता. दाराकडं वळताना त्यानं चौकटीला हात धरला; धरायची तशी गरज नव्हती.

"यशराज, एकदा डॉक्टरला दाखीव रे. माझ्यासाठी म्हणून."

तो वळला. दोन वर्षांत त्यानं कधी तिच्यापुढं आवाज चढवला नव्हता, आताही नाही चढवला. "वैनी, तुम्ही तुमची फाईल बघा," म्हणाला. "माझं वर्ष गेलं. आता डोकं राहिलं काय आणि गेलं काय." आणि पायऱ्या उतरताना, मागं न बघता, "उद्या पेठेची मॅच हाय. तिथं तरी कुणी माझं काय विसरत न्हाय."

दुपारी सरांनी बोलावलं. टेबलावर मेमो टाइप करून ठेवला होता. कामातील गंभीर निष्काळजीपणा, महाविद्यालयाचे व खेळाडूचे नुकसान, पुढील सर्व स्पर्धांची कागदपत्रे कार्यालयीन लिपिकाकडे. तिच्याकडं फक्त किट. प्राचार्यांची सही झालेली होती.

"वाचलास?"

"व्हय सर."

"फाईल आणलीस?"

तिनं निळी फाईल टेबलावर ठेवली. सरांनी ती उघडली, कप्प्यांची बाजू पुढं घेतली. सात नंबरच्या कप्प्यातलं कार्ड दोन बोटांनी ओढून बघितलं. निघालं नाही. नख लावलं, तेव्हा कुठं कोपरा वर आला. त्यांनी तो परत आत दाबला. नऊ नंबरचं ओढलं. तेही निघालं नाही. मग त्यांनी फाईल उलटी धरून दोनदा जोरात झटकली. सतरा कार्डांतलं एकही पडलं नाही.

खोलीत पंखा फिरत होता. स्वप्नाली आपल्या चपलांकडं बघत उभी राहिली.

"गच्च बसत्यात गं ही," सर म्हणाले. अगदी हळू. "विश्वजितनं पक्के शिवून घेतलेत."

"सर, मी..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "मी काय विचारत न्हाय. तू काय सांगू नकोस. विसरलीस, तेच कागदावर हाय, तेच राहू दे." पेन तिच्यापुढं सरकवलं. जरा थांबून, खिडकीकडं बघत म्हणाले, "आमच्या घरात पण दोन नातवंडं हाईत. उद्या तीबी खेळाय लागतील."

त्यांच्या मागं भिंतीवर त्यांचं प्रमाणपत्र होतं. काचेत खिडकीचा उजेड पडल्यामुळं अक्षरं दिसत नव्हती.

तिनं सही केली. मग पेन खाली न ठेवता म्हणाली, "सर, त्याला डॉक्टरकडं तुम्ही न्या. तुमचं ऐकंल. उद्या पेठेची मॅच हाय."

"आता तो आपल्या हातात हाय का?" सरांनी मेमो उचलला, सहीवर फुंकर मारली. "कॉलेजचा सीझन संपला. आता तो पेठेचा." आणि ती दारात पोचल्यावर, "स्वप्नाली," अशी हाक आली. ती वळली. त्यांना काहीतरी म्हणायचं असावं. "किट नीट वाळवून ठेव. मागल्या साली वास मारत होता," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ती घरी किटची घडी घालायला बसली. वर्षभराचा किट आता पेटीत जायचा होता, मध्ये कडुनिंबाचा पाला. संयू मोज्यांच्या जोड्या लावत होती. ते काम तिला आवडायचं. आखूड-लांब मोजे शेजारी धरून जुळे शोधायचे. खाली गल्लीत उद्याच्या मॅचसाठी झेंडे बांधायचं काम सुरू होतं. तालमीपुढं कुणीतरी हलगी तापवून बघत होतं, दोन ठोके वाजवून थांबत होतं. मध्येच पोरांचा आरडाओरडा उठला, त्यात यशराजचं नाव ऐकू आलं. तो खाली आला असावा. स्वप्नालीनं खिडकीशी जाऊन बघितलं नाही. ती खिडकीत दिसली असती तर पोरं बोलायची थांबली असती. काल भाजी घेताना थांबली होती.

"आई, यशराजदादा लई गंमत करतोय," संयू म्हणाली.

"कधी?"

"त्या दिवशी. मॅचला. पायऱ्यांवर." तिनं एक जोडी लावून बाजूला ठेवली. "मला म्हणाला, तुझं नाव काय गं? त्याला माहीत हाय की माझं नाव. तरी मी सांगितलं, संयू. मग गोल झाल्यावर परत म्हणाला, तुझं नाव काय? मग मी पण गंमत केली. म्हणलं, पिंकी. तर म्हणाला, छान हाय. मग बसमधी चढताना परत विचारलं. मी म्हणलं, झाशीची राणी." ती हसायला लागली. "तर म्हणाला, छान हाय. हसला पण न्हाय."

स्वप्नालीच्या हातात आठ नंबरची जर्सी होती. बाह्या आत घेऊन झाल्या होत्या, खालची घडी राहिली होती. ती घडी तशीच राहिली.

हे कुणाला सांगायचं? हंबीरराव सरांनी विचारणार नाही म्हणून सांगितलं होतं. खाली पोरांना सांगायला गेली असती, तर सहा वर्षांच्या पोरीचा हवाला देतेय म्हणून हसली असती. आणि ज्यानं ऐकायला पाहिजे तो त्यांच्या मधोमध उभा होता. फक्त विश्वजितला सांगितलं असतं. त्यानं घडी घालता घालता ऐकून घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पेठेत जाऊन चार शिव्या खाऊन आला असता.

खाली हलगी पुरती तापली. ठोके सलग झाले. शिट्ट्या उठल्या.

संयूनं शेवटचा मोजा हातात घेऊन इकडंतिकडं बघितलं. त्याला जोडी नव्हती. तो तिनं मांडीवर ठेवला, फळीवरच्या डब्यांकडं एकदा बघितलं, मग आईकडं.

"आई," ती म्हणाली, "उद्याच्या मॅचला त्याचं कार्ड कुणाकडं असतंय?"